यी यांचा सहा पानी निबंध: आधी वाचा, मग शंका घ्या

प्रकाशाचं सिम्युलेशन पहिल्यांदा चालतं तो दिवस कुणी विसरत नाही. स्क्रीनवर लाल-निळ्या लाटा सरकतात, अडथळ्याला आपटतात, त्याच्या कडेनं वळतात, आणि आपल्याला वाटतं, झालं, आता फक्त पेपर लिहायचा राहिला. मलाही तसंच वाटलं होतं. त्यानंतरच्या पाच महिन्यांत मी गोळा केलेले जवळजवळ सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. ती गोष्ट पुढे येईलच. आधी एका जुन्या निबंधाबद्दल बोलू, कारण माझी चूक नेमकी कुठे झाली हे मला तो निबंध नीट वाचल्यावरच कळलं.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट देऊन किंवा एमएस्सी संपवून संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात. ऑप्टिक्स किंवा फोटॉनिक्समध्ये गेलात तर पहिल्या सहा महिन्यांत ‘एफडीटीडी’ हे नाव कानावर पडणारच. लांब नाव फायनाइट डिफरन्स टाइम डोमेन. या पद्धतीचा उगम केन यी यांच्या निबंधात आहे. मे १९६६ मध्ये अँटेना आणि तरंगप्रसारण या विषयाच्या आयईईई नियतकालिकात तो छापून आला. यी तेव्हा लिव्हरमोर इथल्या लॉरेन्स रेडिएशन लॅबोरेटरीत होते. निबंध आहे फक्त सहा पानांचा. आज त्याला संदर्भ देणारे हजारो लोक आहेत आणि तो खरोखर वाचलेले फार थोडे. मीही पहिली दोन वर्षं न वाचताच संदर्भ देत होते.

निबंधात नेमकं काय आहे

मॅक्सवेलची समीकरणं तुम्हाला पाठ असतील. विद्युतक्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, चुंबकीय क्षेत्र बदललं की विद्युतक्षेत्र, आणि या देवाणघेवाणीतून प्रकाश पुढे सरकतो. कागदावर ही समीकरणं मोजक्याच आकारांसाठी सुटतात. गोल, लांबच लांब दंडगोल, सपाट थर. बाकीच्या सगळ्या आकारांसाठी संगणक लागतो.

संगणकाला सलग अवकाश कळत नाही, म्हणून आपण जागेची घरं पाडतो. आपल्या मनात पहिली कल्पना काय येते? प्रत्येक घराच्या मधोमध एक बिंदू घ्यावा आणि विद्युतक्षेत्राचे तीन आणि चुंबकीय क्षेत्राचे तीन असे सहाही घटक तिथेच साठवावेत. यी यांनी तसं केलं नाही. त्यांनी विद्युतक्षेत्राचे घटक घराच्या कडांवर ठेवले आणि चुंबकीय क्षेत्राचे घटक घराच्या भिंतींच्या मध्यावर. गवंडी वीटकाम करताना वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आणतो ना, तसं. काळाचंही तेच. विद्युतक्षेत्र पूर्ण ठोक्याला मोजायचं, चुंबकीय क्षेत्र दोन ठोक्यांच्या मध्ये. डावं पाऊल, उजवं पाऊल, डावं पाऊल.

निबंधाचा प्राण या मांडणीत आहे. एका भिंतीच्या चार कडांवरून विद्युतक्षेत्राची बेरीज घेत फिरलात की त्या भिंतीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र किती बदलणार ते थेट मिळतं. म्हणजे बारावीत शिकलेला फॅरेडेचा नियम, प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीवर. आणि एक गोष्ट फुकटात पदरात पडते: सुरुवातीला चुंबकीय क्षेत्राचं डायव्हर्जन्स शून्य असेल तर ते पुढेही शून्यच राहतं. ‘चुंबकीय एकध्रुव नसतो’ हे वेगळं शिकवावं लागत नाही, ग्रिडच्या रचनेतच ते आहे.

आता टीका. निबंध हे सगळे गुण मोकळेपणानं सांगत नाही. त्याचा भर एका मुद्द्यावर आहे: बिंदू अशा तऱ्हेनं निवडले की आदर्श सुवाहकाच्या पृष्ठभागावरची अट सहज लावता येते. हे खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण ही मांडणी एवढी चांगली का चालते याचं खोल कारण वाचकाला स्वतः शोधावं लागतं. नवख्या माणसाला तो निबंध एक युक्ती म्हणून कळतो. त्यातली दृष्टी कळायला वेळ लागतो. निबंधाला सुरुवातीची बरीच वर्षं फारसं कुणी विचारलं नाही, त्यामागे संगणकांची मर्यादा होतीच. त्या काळातल्या मोठ्या यंत्रांपैकी आयबीएम ७०९४ ची मुख्य मेमरी ३२,७६८ शब्दांची होती. तेवढ्या जागेत त्रिमितीय प्रकाश कसा मावणार? पण निबंधाचा त्रोटकपणाही त्याला आड आला असावा, असं माझं मत आहे.

चूक कुठे आहे

या निबंधात एक चूक आहे. साधी मुद्रणदोषासारखी नाही, चांगली ठसठशीत.

घरं पाडली की काळाचं पाऊल किती मोठं घ्यायचं हा प्रश्न येतो. फार मोठं घेतलं तर आकडे फुगत जातात आणि काही क्षणांत सगळीकडे अनंत दिसू लागतं. अशी मर्यादा असते हे कुरांत, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं. यी यांनी त्रिमितीसाठी जी अट दिली ती घनाकृती घरासाठी अशी होते: एका पावलात प्रकाशानं कापलेलं अंतर घराच्या कर्णापेक्षा कमी हवं, म्हणजे घराच्या बाजूच्या १.७३ पटींपेक्षा कमी. बरोबर अट आहे ०.५७७ पट. यी यांची मर्यादा तिप्पट सैल आहे.

ही तिप्पट कुठून आली ते समजून घ्या, कारण अशा चुका आपणही करतो. कर्णाच्या दिशेनं जाणारी लाट डोळ्यांसमोर आणा. तिचा तरंगाग्र कर्णाला काटकोनात असतो. या तरंगाग्राला समांतर अशी ग्रिडबिंदूंची प्रतलं आखली तर लागोपाठच्या दोन प्रतलांमधलं अंतर कर्णाएवढं नसतं. ते असतं बाजू भागिले वर्गमूळ तीन. लाटेनं एका पावलात हे अंतर ओलांडता कामा नये. कर्णाची लांबी ही चुकीची लांबी आहे. एका मितीत दोन्ही एकच असतात, म्हणून तिथे चूक दिसत नाही. यी यांच्या मर्यादेला टेकलेलं पाऊल त्रिमितीत घेतलं, तर सर्वांत खोडकर लाट दर पावलाला सुमारे ३४ पट वाढते. तीस-चाळीस पावलांत संगणक हात टेकतो.

निबंधातली उदाहरणं द्विमितीय होती आणि प्रत्यक्षात घेतलेलं पाऊल पुरेसं लहान होतं, त्यामुळे छापलेली उत्तरं ठीक आली. बरोबर अट १९७५ मध्ये टॅफ्लव्ह आणि ब्रॉडविन यांनी दिली. म्हणजे मधली नऊ वर्षं छापील अट चुकीची होती. ‘एफडीटीडी’ हे नावही पुढे टॅफ्लव्ह यांनीच रूढ केलं, १९८० मध्ये.

इथे दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवा. चूक असूनही निबंध थोर आहे. आणि निबंध थोर असूनही चूक चूकच आहे. आपल्याकडे पहिली गोष्ट सहज मान्य होते, दुसरी म्हणताना जीभ अडखळते. मोठ्या माणसाच्या निबंधात चूक काढणं म्हणजे उद्धटपणा, असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं. ते जितक्या लवकर काढून टाकाल तितकं बरं. ‘मीप’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्यात पावलाचं हे प्रमाण आपोआप ०.५ असतं. किती जणांनी स्वतःला विचारलं, ०.५ च का? ०.५७७ च्या जरा आत, म्हणून. पण हे उत्तर माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

निबंध जिथे गप्प आहे

चुकीपेक्षा मौन जास्त महत्त्वाचं असतं, कारण चूक कुणीतरी दुरुस्त करतं, मौन मात्र वाचणाऱ्यानं स्वतः ओळखावं लागतं.

पहिलं मौन, काठाचं. खऱ्या जगात लाट दूर निघून जाते. संगणकातल्या खोलीला भिंती असतात आणि लाट त्यांना आपटून परत येते. यी यांनी हा प्रश्न टाळला. काठावरून आलेला खोटा परावर्तित भाग पोचायच्या आतलेच क्षण त्यांनी पाहिले. छोट्या पल्ल्यासाठी हे चालतं. पण अनुनाद पाहायचा असेल, जिथे प्रकाश हजारो फेऱ्या मारतो, तिथे नाही चालत. १९८१ मध्ये मुर यांनी काठासाठी बरी अट दिली आणि १९९४ मध्ये फ्रेंच संशोधक बेरांजे यांनी ‘पीएमएल’ आणलं. हा असा काल्पनिक थर की लाट त्यात न परावर्तित होता शिरते आणि विरून जाते. पद्धत घरोघरी पोचली ती खरं तर यानंतर. पण पीएमएलमधल्या ‘परफेक्टली’ या शब्दावर भुलू नका. ते परिपूर्णपण सलग समीकरणांत असतं. घरं पाडली की थोडं परावर्तन उरतंच, आणि फोटॉनिक क्रिस्टलसारखी आवर्ती रचना थेट त्या थरात घुसवली तर त्याचा मूळ आधारच जातो.

दुसरं मौन, वेगाचं. ग्रिडवर चालणारा प्रकाश खऱ्या प्रकाशापेक्षा हळू चालतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. निर्वातातही? हो, निर्वातातही. द्विमितीत एका तरंगलांबीत २० घरं घ्या, पावलाचं प्रमाण ०.५ ठेवा आणि गणित करा. अक्षाच्या दिशेनं वेग खऱ्याच्या ०.९९६९ पट येतो, कर्णाच्या दिशेनं ०.९९९०. एखाद्या लेझीम पथकात समोर चालणारे तिरपे चालणाऱ्यांपेक्षा कणभर मागे पडावेत, तसं. ०.३ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण १०० तरंगलांब्यांनंतर ही चूक जवळजवळ एक तृतीयांश तरंगलांबी होते, म्हणजे फेजमध्ये ११० अंशांच्या वर. व्यतिकरणावर चालणारं उपकरण तपासत असाल तर उजेडाच्या जागी अंधार दिसायला एवढं पुरतं. तरंगलांबीला १० च घरं घेतली तर वेगातली चूक चौपट होते, सुमारे १.३ टक्के. ‘दहा घरं पुरतात’ हा प्रयोगशाळेत तोंडोतोंडी चालणारा नियम अंतर किती आहे हे विचारतच नाही.

तिसरं मौन, पदार्थाचं. शीर्षकात ‘समदिक माध्यमं’ असा मोठा शब्द आहे, पण उदाहरण आहे मोकळ्या जागेतल्या आदर्श सुवाहकाचं. परमिटिव्हिटी ही आधीच हातात असलेली गोष्ट धरली आहे. दृश्य प्रकाशात चांदी-सोनं असं वागत नाही. त्यांची परमिटिव्हिटी वारंवारितेनुसार बदलते आणि तिचा वास्तव भाग ऋण असतो. तो ऋण आकडा स्थिरांक म्हणून तसाच कोडमध्ये टाकला तर सगळं फुटतं. त्यासाठी ड्रूड किंवा लोरेंट्झसारखं प्रारूप वेगळं जोडावं लागतं. शिवाय चौकोनी घरांवर गोल काढला की त्याच्या कडेला पायऱ्या पडतात. सपाट जागी घर अर्धं केलं की चूक चौथाईवर येते. पायऱ्यांच्या कडेला ती बहुधा फक्त निम्म्यावर येते. किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागते: त्रिमितीत घर अर्धं म्हणजे घरं आठपट, पावलं दुप्पट, एकूण काम सोळापट.

यी यांना या तीन मौनांचा दोष देणं बरोबर नाही. १९६६ मध्ये सहा पानांत कुणी सगळं सांगितलं असतं? दोष आहे तो आज या मौनांवर बसून रंगीत चित्रं काढणाऱ्या आपल्यासारख्यांचा.

माझे पाच महिने

मी चांदीचे दोन नॅनोगोल घेतले होते. प्रत्येकाचा व्यास ६० नॅनोमीटर, मधली फट ४ नॅनोमीटर. प्रकाश टाकला की फटीत क्षेत्र प्रचंड वाढतं. ते किती वाढतं, कुठल्या तरंगलांबीला वाढतं, फट बदलली की काय होतं, असा माझा प्रश्न. घराची बाजू ठेवली २ नॅनोमीटर. तरंगलांबी शेकडो नॅनोमीटर, म्हणजे एका तरंगलांबीत शेकडो घरं! मला वाटलं, मी तर गरजेपेक्षा दहापट काळजी घेते आहे.

फटीत घरं होती फक्त दोन.

आकडे सुंदर आले. आलेख गुळगुळीत. मी पोस्टर केलं, एका परिषदेत लावलं. एक वयस्कर प्राध्यापिका आल्या, चित्र शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “घर केवढं आहे बाळ?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “निम्मं करून पाहिलंस?” मी ‘नाही’ म्हटलं. त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. “पाहा एकदा,” एवढं म्हणून पुढच्या पोस्टरकडे गेल्या.

परत आल्यावर मी १ नॅनोमीटर करून पाहिलं. फटीतलं क्षेत्र जवळजवळ दुपटीनं बदललं, शिखर सरकलं. अर्धा नॅनोमीटर केलं, पुन्हा बदललं. माझं जे ‘निरीक्षण’ होतं, की अमुक फटीनंतर वाढ अचानक मंदावते, ते चांदीचं नव्हतंच. ते माझ्या घरांचं होतं. फट लहान झाली की तिच्यात मावणारी घरं कमी होत होती, बस. सरांना सांगायला गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. ते इतकंच म्हणाले, “बरं झालं, छापायच्या आधी कळलं.”

त्या रात्री मी यी यांचा निबंध पहिल्यांदा पूर्ण वाचला. आणि त्यातल्या एका गोष्टीनं मला खरी लाज आणली. यी यांनी आपली उत्तरं पाचरीच्या कडेवरून होणाऱ्या स्पंदाच्या विवर्तनाच्या आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहिली आहेत. नवी पद्धत शोधणाऱ्या माणसाला, पहिल्याच निबंधात, सहा पानांच्या जागेतही, आपलं उत्तर ताडून पाहावंसं वाटलं. आणि मला, आयतं सॉफ्टवेअर वापरणारीला, पाच महिन्यांत एकदाही नाही. एका गोलासाठी तर मी यांचं १९०८ पासून हातात असलेलं अचूक उत्तर आहे. एक दुपार पुरली असती.

मग तुम्ही काय करायचं

सॉफ्टवेअर नंतर उघडा. आधी पायथॉनमध्ये एका मितीचा कोड स्वतः लिहा, चाळीस ओळीसुद्धा लागत नाहीत. पाऊल बरोबर एक घराएवढं ठेवा. स्पंद आकार तसूभरही न बदलता पुढे जाईल, कारण एका मितीत या एकाच मूल्याला ग्रिडचा प्रकाश खऱ्या वेगानं चालतो. मग ०.५ करा आणि स्पंदामागे उमटणारी बारीक शेपटी पाहा. मग १.०१ करा आणि सगळं फुटताना पाहा. या तीन प्रयोगांत तुम्हाला जे कळेल ते मला दोन वर्षांच्या रंगीत चित्रांनी शिकवलं नाही.

त्यानंतर, कुठलाही आकडा कुणाला दाखवायच्या आधी, घर निम्मं करून पाहा. पीएमएल जाड करून पाहा. सिम्युलेशन दुप्पट वेळ चालवून पाहा. आणि जवळचा एखादा आकार शोधा ज्याचं उत्तर कागदावर सुटतं. घर तरंगलांबीच्या हिशेबात मोजू नका, तुमच्या रचनेतली सर्वांत बारीक जागा कुठली ते पाहा आणि तिच्या हिशेबात मोजा. मेमरीचा हिशेबही आधी करा: १० मायक्रोमीटर बाजूचा घन, १० नॅनोमीटरची घरं, म्हणजे १०० कोटी घरं. सहा घटक, प्रत्येकी चार बाइट. २४ जीबी नुसत्या क्षेत्रांसाठी. विभागाच्या क्लस्टरवर रांग लावण्यापूर्वी हे पाठीमागच्या कोऱ्या पानावर लिहा.

आणि एवढं सगळं करूनही एक प्रश्न उरतो. समीकरण बरोबर सोडवलं का, हा एक. आणि समीकरणच बरोबर घेतलं का, हा दुसरा. फट एका नॅनोमीटरच्या खाली गेली की चांदीतले इलेक्ट्रॉन साध्या परमिटिव्हिटीत मावत नाहीत, क्वांटम परिणाम डोकं वर काढतात. तिथे घर कितीही बारीक करा, तुम्ही चुकीच्या प्रश्नाचं अधिकाधिक अचूक उत्तर काढत राहाल.

एकूण मत विचाराल तर यी यांचा निबंध वाचाच. मांडणीला पैकीच्या पैकी, समजावून सांगण्याला काठावर पास, स्थिरतेच्या अटीला शून्य, आणि प्रामाणिकपणाला पुन्हा पैकीच्या पैकी. वाचताना पेन्सिल हातात ठेवा. ती चुकीची अट येईल तिथे समासात १९७५ असं लिहा. माझ्या प्रतीवर लिहिलेलं आहे, आणि खाली त्या प्राध्यापिकांचा प्रश्नही.